खाजन पायी कसे वाचावे

पणजीहून जुन्या गोव्याकडे किंवा मडगावहून रायच्या बाजूने जाताना रस्त्याच्या कडेला दूरवर पसरलेली हिरवी सपाटी दिसते आणि बहुतेक जण तिला भातशेत एवढे एकच नाव देऊन पुढे निघून जातात. ही खाजन जमीन सपाट भासते, पण ती सपाट नसते. शेताचा तळ, आतला ओहोळ, मेर, बाहेरचा बांध आणि त्यापलीकडचे नदीचे पाणी यांच्या उंचीत कुठे वीतभर तर कुठे हातभर फरक असतो. कोणत्या तुकड्यात भात पिकेल, कुठे मासे वाढतील, कुठे मिठागर चालेल आणि आषाढातल्या रात्री कोणाच्या अंगणात पाणी शिरेल हे सारे त्या फरकावर ठरते. म्हणून खाजनाचा भूगोल ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने अंतरे मोजण्याआधी उंची मोजायला शिकले पाहिजे. पुढे दिलेली पद्धत मी शाळेतील मुलांना घेऊन तिसवाडी तालुक्यातील खाजनांत हिंडताना हळूहळू बसवली आहे. शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि ग्रामसभेत आपल्या गावच्या जमिनीविषयी बोलू इच्छिणाऱ्या कोणालाही ती वापरता येईल.

खाजन म्हणजे नदीच्या भरतीचे खारे पाणी जिथे एरवी दिवसातून दोनदा पसरले असते, तिथे बांध घालून माणसाने मिळवलेली जमीन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे आणि ती मुख्यतः मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या आणि मांडवी-जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याच्या काठाने पसरली आहे. ही रीत फार जुनी आहे. बांदिवडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्मा राजाच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख येतो आणि तो ताम्रपट सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे. इतकी शतके ज्या जमिनीने गावे पोसली, तिचे शब्द आज मुलांना ठाऊक नसावेत याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच या लेखात गावातले शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत.

निघण्यापूर्वी

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा जवळ असावा, पण त्याची मर्यादा आधीच ध्यानात घ्यावी. या नकाशावर समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात, आणि खाजनातली सगळी घडामोड पहिल्या समोच्च रेषेच्याही खाली घडते. डोंगर कुठे संपतो, नदी कुठे वळते आणि गावाचे वाडे कोणत्या उंचीवर वसले आहेत हे नकाशा सांगेल. खाजनाच्या पोटात मात्र तो जवळजवळ कोरा असतो, आणि तो कोरा भाग आपल्याला भरायचा आहे.

दुसरा कागद बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे जमिनीचा एक-चौदाचा उतारा. गोव्याच्या या उताऱ्यात लागवडीखालच्या जमिनीचे रकाने पाहिले तर जिरायत, बागायत आणि भात यांच्या जोडीला खाजन, केर आणि मोरड हे तीन स्वतंत्र रकाने दिसतात. मोरड म्हणजे डोंगरउताराला लागून असलेली, पावसाच्या पाण्यावर पिकणारी उंच जमीन. केर म्हणजे त्याखालची रेताड, झऱ्यांच्या आणि विहिरींच्या ओलीवर कधी दुसरे पीकही देणारी मधली जमीन. खाजन सर्वांत खाली. अर्थात महसूल खात्याने पाण्याच्या पातळीप्रमाणे केलेला भूगोलच त्या कागदावर छापलेला आहे. ज्या भागात फिरायचे आहे तेथील चार-पाच सर्व्हे क्रमांकांचे उतारे पाहून कोणता क्रमांक कोणत्या रकान्यात बसला आहे याची नोंद करून ठेवावी, म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवर ती पडताळता येते.

सामान थोडे पुरते. गवंडी जोत्याची पातळी काढण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी दहा-बारा मीटर, दोन सरळ काठ्या, टेप, खडू, वही आणि पाण्याची बाटली. क्षारता मोजण्याचे छोटे उपकरण मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी काम अडत नाही.

वेळ कशी निवडावी

खाजनात चुकीच्या वेळी गेलेला माणूस अर्धेच खाजन पाहून परततो. भरतीची वेळ काढण्याचा जुना किनारी हिशेब आजही उपयोगी पडतो. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला पूर्ण भरती सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वा अकराच्या सुमारास येते. पहाटे किंवा सकाळी आलेली भरती बारा-साडेबारा तासांनी पुन्हा येते आणि दुसऱ्या दिवशी ती सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. हा हिशेब समुद्रमुखाचा आहे, तर मांडवी आणि जुवारी या नद्यांत भरतीची हालचाल मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवते. त्यामुळे जितके आत जावे तितका उशीर होतो. आपल्या गावचा उशीर किती, हे कोणत्याही तक्त्यात न शोधता स्वतः पाहावे. नदीच्या धक्क्यावर खडूने खुणा कराव्यात आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठे आले ते लिहावे. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्याचा उतार यासाठी फार सोयीचा आहे, कारण त्याचा किती भाग ओला आहे आणि किती भागावर शेवाळ धरले आहे एवढे पाहिले तरी त्या ठिकाणच्या भरती-ओहोटीची व्याप्ती डोळ्यांपुढे उभी राहते.

निदान दोनदा तरी जावे, एकदा भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते तेव्हा, आणि एकदा उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला. आमची पहिली फेरी आम्ही फाल्गुनातल्या अष्टमीला केली होती. बांध कोरडा, पाणी खाली, सर्व काही निवांत होते, आणि मुलांनी नकाशावर त्या बांधापुढे मोठ्या विश्वासाने ‘मजबूत’ असे लिहिले. आठवड्याने पौर्णिमेच्या भरतीला आम्ही पुन्हा तिथेच उभे राहिलो तेव्हा बांधाच्या आतल्या अंगाला, पायथ्यापासून हातभर उंचीवर, बोटाएवढ्या तीन छिद्रांतून पाणी बारीक धारेने बाहेर येत होते आणि खालच्या चिखलात तांबूस गाळाचा लहानसा पंखा तयार झाला होता. ती कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळे होती. भांगाच्या दिवशी पाणी त्या उंचीपर्यंत चढतच नव्हते, म्हणून ती दिसली नव्हती. तेव्हापासून नकाशावर प्रत्येक नोंदीसमोर तारखेबरोबर तिथीही लिहायचा नियम आम्ही केला.

ऋतूंचेही तसेच आहे. मे महिन्यात मीठ दिसते, ऑगस्टमध्ये गोडे पाणी दिसते आणि कापणीनंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या पुढे, मासेमारी दिसते. तिन्ही वेळा जाता आले तर तेच शेत तीन वेगळी रूपे दाखवते.

डोंगरावरून खाली

सुरुवात नेहमी वरून करावी, कारण पाणी वरून येते. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर उभे राहून पाहिले की पावसाचे पाणी कुठे मुरते, कुठून व्हाळाच्या रूपाने खाली उतरते आणि गावाची देवळे, घरे, विहिरी कोणत्या रेषेत आहेत हे एका नजरेत येते. जुन्या वस्तीची ती रेषा जपून काढावी. तिसवाडीत नेवरा, मांडूर, आगशी अशा गावांत जुनी घरे डोंगराच्या पायथ्याला किंचित उंचावर लागलेली दिसतात आणि त्यांच्यापुढे शेते सुरू होतात. पूर्वजांनी घरासाठी कोणती पातळी सुरक्षित मानली याचा तो मोकळा पुरावा आहे. त्या रेषेखाली नंतर जी बांधकामे झाली असतील ती वेगळ्या रंगाने दाखवावीत.

तिथून मोरड, केर असे उतरत खाजनाच्या तोंडाशी यावे. इथे पायाखालची माती बदलते. वरची तांबडी खडेरी माती संपून करडी, चिकट, बोटाला चिकटून राहणारी माती लागते, आणि उन्हाळा असेल तर तिच्यावर भेगांच्या कडेने मिठाचा पांढुरका थर दिसतो. त्या थराची पहिली रेघ जिथे दिसेल तिथे खडूने नव्हे, वहीत नेमकी नोंद करावी, कारण पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ती रेघ पुसली जाते. खाजनातल्या शेतीची सगळी युक्ती या पुसले जाण्यात आहे. जून-जुलैचा जोरदार पाऊस वरच्या थरातले मीठ धुऊन काढतो, धुतलेले पाणी ओहोटीला नदीत सोडले जाते, आणि मग मोड आलेले बी पेरले जाते. कोरगुट आणि आसगो ही इथली जुनी, खारेपणा सोसणारी भाते आहेत. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान’ या नावाचे वाण दिले आहेत. एखाद्या तुकड्यात कोरगुट आणि शेजारच्याच तुकड्यात दुसरे सुधारित भात दिसले, तर दोन तुकड्यांमधली मेर ही बहुधा क्षारतेची सीमा असते. अशा सीमा नकाशावर काढण्यासारखे समाधान नाही.

मानस

बाहेरच्या बांधाकडे जाण्याआधी आतला ओहोळ शोधावा. त्याला पोंय म्हणतात. शेतांमधून वळणे घेत जाणारा हा फाटा पूर्वी नदीचाच भाग होता, आणि बांध घातल्यावर तो आत अडकून राहिला. नवख्याला ही वाया गेलेली, चिखलाची जागा वाटते. प्रत्यक्षात सर्व खाजनाचा श्वास तिच्यातून चालतो. हा ओहोळ जिथे बांधाला मिळतो तिथे मानस, म्हणजे पाण्याची दारे, असते.

मानशीपाशी घाई करू नये. निदान चार तास बसावे, दोन तास भरतीचे आणि दोन ओहोटीचे. जांभ्याच्या भक्कम भिंतींमध्ये बसवलेली लाकडी दारे नदीच्या अंगाला उघडतील अशी असतात. नदीचे पाणी चढू लागले की ते दारांना बाहेरून ढकलते आणि दारे चौकटीवर घट्ट बसतात. ओहोटीला नदी खाली गेली की आतल्या पाण्याचा रेटा दारे उघडतो आणि शेतातले जादा पाणी बाहेर पडते. पालट होतो तो क्षण पाहण्यासारखा असतो. दोन्हीकडचे पाणी सारख्या पातळीवर येते, पाचेक मिनिटे पृष्ठभाग अगदी स्तब्ध राहतो, फळीला अडकलेले गवताचे काडीकचरे जागच्या जागी थांबतात, मग एक दार किंचित थरथरते आणि खालच्या कडेने फेसाची बारीक रेघ बाहेर सरकते. ती रेघ दिसली ती वेळ लिहून ठेवावी. आत आणि बाहेर पाणी समान असण्याची ती वेळ आहे आणि पुढची सर्व मोजमापे तिच्यावर बेतता येतात.

आता विचार करावा की दारे बंद असताना आत काय होते. नदी उंच असते तेवढे तास डोंगरावरून आलेल्या पावसाच्या पाण्याला बाहेर जायला वाट नसते. ते पोंयीत साठते. ओहोळ रुंद आणि खोल असेल तर ते तास निभावून जातात. त्याचा काही भाग भराव घालून बुजवला असेल, त्यावर अरुंद मोरीचा रस्ता नेला असेल किंवा तो गाळाने भरला असेल, तर तेच पाणी आधी शेतात आणि मग खालच्या घरांत चढते. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की गावात पाणी का भरते, याचे उत्तर बहुतेक वेळा या ओहोळाच्या मापात असते. म्हणून त्याची रुंदी तीन-चार ठिकाणी टेपने मोजावी, खोली काठीने पाहावी आणि प्रत्येक मोरीचे तोंड स्वतंत्रपणे मोजून लिहावे. या एका कामाला दिवस गेला तरी चालेल.

पीक निघाल्यावर मानशीचे काम उलटते. भरतीला पाणी मुद्दाम आत घेतात आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून सुंगटे, काळुंदर, शेवटो, चणक, कुर्ल्या धरतात. या मासेमारीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि त्या पैशांतून बांधांची डागडुजी व्हावी अशी जुनी व्यवस्था आहे. पूर्वी ही जबाबदारी गावकारीकडे, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादीकडे होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्या कुळांचे स्थान बदलले आणि बांधांची देखभाल त्यांच्या संघांकडे आली. माझ्या मते खाजनाचा नकाशा काढताना ही माहितीही त्यावर लिहिली पाहिजे, कारण कोणता बांध कोणाच्या हाती आहे हे ठाऊक नसेल तर तो फुटला असता कोणाला हाक मारायची हेच कळत नाही. मासळीसाठी जास्त दिवस खारे पाणी आत ठेवले तर शेताचे नुकसान होते, आणि त्यामुळे भातवाले व मासळीवाले यांच्यात अनेक गावांत तेढ आहे. ती विचारपूस करताना दोन्ही बाजूंचे ऐकून घ्यावे.

बांध आणि त्यापलीकडे

बाहेरचा बांध जांभा, चिखल आणि पेंढा यांचा असतो. त्याच्यावरून चालताना एका हाताला नदी आणि एका हाताला शेत ठेवून दोन्ही पातळ्यांची तुलना करावी. पूर्ण भरतीला नदी शेतापेक्षा उंच आहे हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले की मुले गप्प होतात. फरक मोजण्यासाठी नळीत पाणी भरून तिचे एक टोक नदीच्या बाजूच्या काठीला आणि दुसरे शेतातल्या काठीला बांधावे. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर मोजमाप चुकते. दोन्ही टोकांचे पाणी स्थिर झाले की दोन्ही काठ्यांवर त्या पातळीला खूण करावी. नदीच्या काठीवर खुणेपासून नदीच्या पाण्यापर्यंतचे अंतर आणि शेतातल्या काठीवर खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून पहिले दुसऱ्यातून वजा केले की नदी शेतापेक्षा किती वर आहे ते कळते. बांधाचा माथा, मानशीचा उंबरा आणि ओहोळातले पाणी यांची उंचीही याच रीतीने घ्यावी.

बांधाच्या बाहेर कांदळवन असते आणि ते लाटांचा मार स्वतःवर घेते. आधारमुळांचा कांदळ, चिखलातून पेन्सिलीसारखी श्वासमुळे वर काढणारी तिवर, जाड शंकूसारख्या श्वासमुळांची चिपी आणि काटेरी पानांची मारांडी एवढी चार ओळखता आली तरी सुरुवातीला पुरे. चोडणच्या पश्चिम टोकाला १९८८ पासून असलेल्या सलीम अली पक्षी अभयारण्यातल्या पायवाटेवर ती जवळून पाहायला मिळतात. हीच झाडे बांधाच्या आत, शेताच्या मधोमध दिसू लागली तर अर्थ अगदी वेगळा होतो. तिथे बांध किंवा मानस निकामी होऊन खारे पाणी बराच काळ आत राहिले आहे आणि शेत पडीक पडले आहे. याउलट आत कुठे कमळे, कुमुदिनी किंवा पाणकणीस दिसले तर तिथे डोंगराकडून गोडे पाणी येत आहे असे समजावे आणि त्याचा झरा किंवा व्हाळ शोधावा.

गोड्या पाण्याची तळी हा या भूगोलाचा जोडविषय आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात. रेल्वे स्थानकाजवळचे करमळीचे तळे हिवाळ्यात बदकांसाठी प्रसिद्ध आहे. कुडचडे येथील ४२ हेक्टरांचे नंदा तळे २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेले गोव्यातील पहिले स्थळ असून त्यात साठवलेल्या पाण्यावर खालच्या बाजूची भातशेती होते. खाजन पाहून झाल्यावर ही तळी पाहिली तर पाणी अडवण्याच्या दोन रीतींतला फरक सहज समजतो.

चालताना काही पथ्ये पाळावीत. बांधाच्या कडेवर उड्या मारू नयेत, कारण एक ढेकूळ निसटले तरी तिथून पाणी वाट काढते. उभ्या पिकात उतरू नये. कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात मगरी आहेत, म्हणून पाण्याच्या काठी मुलांना एकटे सोडू नये. फोंडा तालुक्यात बोरी, दुर्भाट अशा गावांत पौष अमावास्येला शेतकरी मातीची मगर घडवून तिची पूजा करतात आणि त्याला मानगे थापणी म्हणतात. त्या दिवशी तिथे जाता आले तर अवश्य जावे, कारण खाजन, बांध आणि त्यातले जीव यांच्याशी माणसाने जोडलेले नाते तिथे मातीच्या रूपात पुढे ठेवलेले दिसते.

घरी आल्यावर आधी नकाशा काढू नये. आधी आडवा छेद काढावा, डावीकडे सडा, मग उतार, वस्ती, मोरड, केर, खाजन, ओहोळ, बांध, कांदळवन आणि उजवीकडे नदी. त्यावर नदीच्या दोन रेघा ओढाव्यात, एक उधाणाच्या भरतीची आणि एक ओहोटीची. भरतीची रेघ तशीच डावीकडे वाढवत नेली की बांध नसता तर पाणी कुठवर गेले असते ते दिसते, आणि ती रेघ ज्या घरांना, शाळेला, रस्त्याला छेदते त्यांची नावे तिथेच लिहावीत. त्यानंतर वरून दिसणारा नकाशा काढून त्यात शेतांची गावातली नावे भरावीत. ही नावे वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना विचारूनच मिळतात, आणि अनेकदा नावातच तिथे पूर्वी पाणी होते की मीठ होते ते कळते.

२०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी असून खाजन जमिनींचे नकाशे करावेत, तिथले कांदळवन राखावे आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये असे म्हटले आहे. आपला हाताने काढलेला नकाशा सरकारी नकाशाची जागा घेणार नाही, पण मानस कुठे आहे, ओहोळ किती रुंद आहे आणि कोणती मोरी तुंबली आहे हे त्यात मापांसह असते. त्याची एक प्रत पंचायतीत द्यावी, एक शाळेत लावावी, आणि बांधात जिथे पाझर दिसला होता तिथे पुढच्या अमावास्येला सकाळी साडेदहाच्या आत पोहोचून बिळे बुजवली आहेत का ते पाहावे.